पाणसुट्टी

गेल्या आठ महिन्यांत शाल्मलीला सासूला काही विचारायची गरजच पडली नव्हती. विचारण्याआधीच उत्तर ठाऊक असायचं.

सुरुवात झाली ती बाळंतपणाची रजा संपली त्या आठवड्यात. जुई तेव्हा जेमतेम मान धरायला लागली होती. शाल्मलीचा नवरा हर्षद सागर-संशोधनाच्या जहाजावर. तो आला की घर भरायचं आणि गेला की दुप्पट रिकामं व्हायचं. रत्नागिरीतल्या दोन खोल्यांत एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने उरलेली दुनिया सांभाळताना शाल्मलीच्या मनात एकच प्रश्न घोळत होता – आई इथं येऊन राहतील का? फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्या 'नाही' म्हणाल्या तर तो नकार दोघींच्या मध्ये येऊन बसणार, आणि जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखा बसूनच राहणार.

मग कामावरच्या पहिल्याच दिवशी, यंत्राची रोजची तपासणी करता करता, तिने तो प्रश्न हळूच यंत्राला विचारून टाकला. यंत्रातून सासूचाच आवाज आला, अगदी तो शेवटचा सुस्काराही तसाच:

"नाय गो बाय. खाडी सोडून माझो जीव रमाचो नाय."

शाल्मलीने पडदा बंद केला. जुईचं नाव कचेरीच्या पाळणाघरात घातलं. त्या दिवसापासून सासूचा फोन आला की "बरं आहे", "झोपलीय", "ठेवते" एवढ्यावरच आटपू लागला. न मागितलेल्या गोष्टीला न दिलेला नकार, पण तो घरात ठाण मांडून बसला तो बसलाच.

त्या यंत्राचं नाव पडसाद.

समुद्र चढू लागल्यावर किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांनी मिळून आपली एक सभा निवडली होती. अपरांत सभा. बंदरं, बंधारे, खाड्या, गावं हलवणं, सगळं तिच्या अखत्यारीत. सभासद सिंधुदुर्गाच्या टोकापासून पालघरच्या टोकापर्यंत पसरलेले. पडसादाच्या पोटात त्या प्रत्येकाचं एक प्रतिरूप होतं. माणूस सभागृहात काय बोलला, कोणत्या ठरावाला हात वर केला, कोणाच्या भाषणावर मान डोलावली, कोणत्या शब्दाला कपाळावर आठी चढली, हे सगळं वर्षानुवर्षं टिपून यंत्र त्या माणसाच्या मनाची वाट शिकायचं. मग ही सगळी प्रतिरूपं एका काल्पनिक सभागृहात बसवायची, त्यांच्यापुढे ठराव टाकायचा आणि त्यांना भांडू द्यायचं. एक बोलला की दुसरा हलतो, दुसरा हलला की तिसरा बिथरतो. हीच सभा जरा जरा फरकाने हजारो वेळा भरवायची. हवामानवाले उद्याचं वादळ सांगतात ते असंच. ढगांना यंत्रात हजारदा पळवून बघतात आणि बहुतेक वेळा ते जिथं पोचतात ते सांगतात. पडसाद माणसांचं हवामान सांगायचा. खरी सभा भरायला पाच दिवस लागायचे. पडसादाची सभा चहा निवायच्या आत उठायची.

आणि त्याने जीव वाचवले होते, हे कोणी नाकारत नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या वादळात घाट बंद, पूल वाहून गेलेले, सभा भरणं अशक्य. तेव्हा सभेच्या आपत्ती समितीच्या अध्यक्षा झुबेदा परकार एकट्या रत्नागिरीत होत्या. समितीला हुकूम काढायचा अधिकार नव्हता. समितीने तपासायचं, विचारायचं, लोकांना बोलावून ऐकायचं आणि सभेला सांगायचं. ठरवायचं ते सभेने. पण झुबेदाआपांनी पडसादाला विचारलं, 'सभा असती तर काय म्हणाली असती?' आणि त्या उत्तरावर किनाऱ्यावरची गावं रिकामी करायचा हुकूम दिला. हजारो माणसं जगली. पुढे सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तात्पुरता नियम केला: तातडी असेल तेव्हा, पडसादाच्या कौलावर, समितीने सभेच्या वतीने ठरवावं.

तात्पुरत्या गोष्टीचं जे होतं तेच झालं. दर अधिवेशनाला मुदत वाढली. आधी वादळं, मग बंधारे, मग होड्यांची वेळापत्रकं, मग शाळांच्या सुट्ट्या. तातडी काय, शोधली की सापडते. सभासदांनाही बरं वाटलं. रत्नागिरीच्या खेपा वाचल्या. अधिवेशनं आखडत गेली. आणि पडसाद एकदाही चुकला नाही.

शाल्मली त्याची सांभाळणारी. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

*

त्या सकाळी समितीच्या खोलीत मुरवंडीच्या खाडीचा नकाशा भिंतीवर होता. शाल्मलीने तो बघायचं टाळलं तरी तो दिसत होताच. खाडीच्या मुखाशी मुरवंडी, तिचं सासर. आत, दोन वळणं ओलांडली की देवसाळ. बाजार, शाळा, इस्पितळ. मागच्या दोन पावसाळ्यांत उधाण देवसाळच्या इस्पितळाच्या पायऱ्या चढून आलं होतं. आता खाडीच्या मुखाशीच उधाणफाटक बांधायचं होतं. एरवी उघडं, उधाण आलं की बंद.

"कौल काय?" समितीतले विश्वनाथ सामंत घड्याळाकडे बघत म्हणाले. सामंत देवसाळचेच. तडफदार माणूस, कामाला वाघ. इस्पितळात गुडघाभर पाण्यातून त्यांनी स्वतः खाटा उचललेल्या.

"मंजूर," शाल्मली म्हणाली. "मोठ्या बहुमताने."

"झालं तर मग. सही करू या. थंडीत काम सुरू झालं नाही तर पुढच्या पावसाआधी फाटक उभं राहायचं नाही."

झुबेदाआपांनी पेन उचललं नाही. साठी ओलांडलेली बाई. चिपळूणच्या शाळेत गणित शिकवत आयुष्य गेलेलं. समोरची चहाची बशी त्यांनी हलकेच फिरवली.

"फाटकाचे खांब खाडीचं मुख अरुंद करणार. भरती-ओहोटीचं पाणी निम्म्यावर येणार. आतली कालवं, तिसऱ्या, मुळे, सगळ्या शिंपल्यांचं काय होणार?"

"जाणार," सामंत म्हणाले. त्यांनी आव आणला नाही. "बहुतेक सगळं जाणार. पण माणसं राहतील, आपा."

"मुरवंडीच्या सभासद काय म्हणतात?"

खोलीतल्या दोघातिघांनी शाल्मलीकडे बघितलं. मुरवंडीच्या सभासद यशोदा खवणेकर, म्हणजे तिची सासू. खाडीत कालवं काढून पोरगं शिकवलेली, गावाने उचलून सभेत पाठवलेली.

"पडसाद म्हणतो, त्या होकार देतील," शाल्मली म्हणाली. "आजवर किनाऱ्याच्या संरक्षणाचा प्रत्येक ठराव त्यांनी उचलून धरलाय."

"आणि फाटक आत घेतलं तर? देवसाळच्या अलीकडे?"

"मग मुरवंडी फाटकाच्या बाहेर राहते. त्याला कौल जवळजवळ शून्य. एखाद्या गावाला बाहेर ठेवा, असा ठराव मांडायला एकही प्रतिरूप उठत नाही."

"कोण उठेल?" सामंत म्हणाले. "आपा, वऱ्हाड कशाला जमवायचं? लग्न ठरलेलंच आहे."

आपा हसल्या. मग शाल्मलीकडे वळून त्यांनी एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो कोणीच विचारला नव्हता.

"पडसाद किती वेळा बरोबर आला ते तू मला दर महिन्याला सांगतेस. तो चुकला कधी होता, ते सांगशील?"

"नियम झाल्यापासून एकदाही नाही."

"त्याच्या आधी?"

ते निकाल शाल्मलीने कधी उघडलेच नव्हते.

"दुपारी सांग," आपा म्हणाल्या. "मी गणिताची बाई. उत्तर बरोबर आलं तरी रीत बघितल्याशिवाय गुण देत नाही."

*

दुपारी पाळणाघरातून निरोप आला की जुई बाटली घेत नाहीये. शाल्मलीने तिला वर आणलं आणि एका मांडीवर तिला, दुसऱ्या मांडीवर यंत्राचा छोटा पडदा घेऊन बसली. जुई रडत होती. हे भुकेचं रडणं; शाल्मलीला आता रडण्यारडण्यातला फरक कळायचा. तिने छातीशी धरलं. जुईने तोंड फिरवलं. झोपेचं असेल. थोपटलं. आवाज वाढला. शेवटी तिला खिडकीशी नेलं तेव्हा ती गप्प झाली आणि बाहेर, व्हरांड्यात ओळीने ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यांकडे टक लावून बघत राहिली. तिला फक्त चकाकणारं काहीतरी बघायचं होतं!

"हे मला कसं कळणार होतं गं?" शाल्मली तिच्या कानाशी पुटपुटली, आणि तशीच हंड्यांकडे बघत उभी राहिली.

ते हंडे पाणसुट्टीचे. अपरांत सभेचा हा रिवाज किनाऱ्यावरच्या गावक्यांतून आला होता. गावकीत भांडण तुटेपर्यंत ताणलं की जुनीजाणती माणसं म्हणायची, "उठा, पाणी प्या, मग सांगा." सभेनेही तेच ठेवलं. चर्चा संपली की मतदानाआधी सगळ्यांनी उठून व्हरांड्यात जायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, हंड्यातलं पाणी प्यायचं. फोन बाकावर. व्हरांड्यात ना ध्वनिक्षेपक, ना कॅमेरा. परत आल्यावर ज्याला उठावंसं वाटेल त्याने एकदा बोलावं, मग मत. नवखे पत्रकार त्याची टिंगल करायचे. जुने सभासद म्हणायचे, "बाबा, घशाला पाणी लागलं की मान वळते."

शाल्मली झटकन खुर्चीत येऊन बसली. नियम होण्याआधीचे, चाचणीच्या काळातले निकाल तिने उघडले. तिथं चुका होत्या. फार नाही, पण होत्या. त्यांच्यापुढे तिच्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं: 'यंत्र अजून शिकत आहे.' तिने एकेक चूक उलगडली. मासेमारी बंदीचा ठराव. पाणसुट्टी लांबली होती. मिठागरांचा ठराव, पाणसुट्टीत पाऊण तास गेला, भांडत बाहेर गेलेले दोन सभासद परत आले ते गळ्यात गळे घालून. चुकलेल्या प्रत्येक ठरावात लांब पाणसुट्टी होती. जे यंत्राला ऐकू येत नव्हतं, तिथंच ते चुकत होतं.

मग नियम झाल्यावर चुका थांबल्या कशा? यंत्र सुधारलं?

तिने जुईचा घाम पुसला आणि पुन्हा वाचलं. समितीने हुकूम काढायचा, काम सुरू व्हायचं, आणि दोन महिन्यांनी सभा भरली की तिने त्यावर होकाराचा शिक्का मारायचा. तो शिक्का म्हणजे पडसादाचं बरोबर उत्तर. पान वाढून, जेवून, हात धुऊन झाल्यावर पाहुण्याला विचारायचं, 'जेवणार ना?' तो 'नाही' कशाला म्हणेल? यंत्र चुकत नव्हतं, कारण त्याला चूक ठरवायची संधीच कोणाला उरली नव्हती.

हा निकाल आपांपुढे ठेवायचा म्हणजे तिच्या हातातलं, तिने तीन वर्षं जिवापाड जपलेलं काम उणं पाडायचं. न ठेवावा, तर उद्या सही होणार आणि खाडी बुजणार. आणि ठेवला तर सामंत म्हणणारच, सासूच्या खाडीसाठी सुनेने घोडं अडवलं.

जुईने शाल्मलीचा अंगठा तोंडात घेतला. हिरड्या शिवशिवत होत्या. तेही तिला आत्ताच कळलं.

*

आपांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या वादळातला माझा हुकूमही...?" एवढंच शेवटी विचारलं.

"नाही आपा. तो बरोबरच होता. तेव्हा सभा भरूच शकत नव्हती. आता ती भरू शकते, आपण भरवत नाही."

आपांनी सहीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "सभेची तारीख काढायला सांग. आणि शाल्मली, तोवर सासूशी खाडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कोणी बोट दाखवता कामा नये."

"आम्ही तसंही फारसं बोलत नाही, आपा."

आपांनी तिच्याकडे नीट बघितलं, पण पुढे विचारलं नाही.

सामंतांना राग आला, आणि तो खरा राग होता. "नियमाने अधिकार दिलाय आपल्याला! लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर. तुमच्या हातून एक तरी चुकीचा हुकूम निघाला का?"

"तोच तर धोका आहे, विश्वनाथ," आपा शांतपणे म्हणाल्या. "वाईट हातात हा अधिकार पडला असता तर लोकांनी केव्हाच काढून घेतला असता. माझ्या हातात तो चांगला चालला, म्हणून कोणी बघितलंच नाही. मी गेल्यावर ही खुर्ची रिकामी राहणार नाही. तिच्यावर कोण बसेल, हे पडसाद सांगतो का?"

"आणि सभेने फाटक फेटाळलं तर? इस्पितळात माझी माणसं बुडाली तर?"

आपांचा चेहरा उतरला. त्या वादळात त्यांची धाकटी बहीण गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "तर ते ओझं मी घेऊन मरेन," त्या म्हणाल्या. "पण समितीने सभेला विचारायचं असतं. सभेच्या मनात काय आहे ते ओळखून दाखवायचं नसतं."

सामंत उठून गेले. दारातून परत वळून म्हणाले, "सभेत मी तुमच्याविरुद्ध बोलणार."

"बोला. त्यासाठीच तर बोलावतेय."

शाल्मलीला वाटलं, या बाईच्या पायाला हात लावावा. सत्ता मिळवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. हातात आलेली, चांगली चाललेली, कोणी परत न मागितलेली सत्ता स्वतः उचलून परत नेऊन देणारी तिने पहिल्यांदाच पाहिली.

*

सभा भरली. किती दिवसांनी ते जांभ्या दगडाचं सभागृह गच्च भरलं होतं! सामंत कळकळीने बोलले. पाण्यातून उचललेल्या खाटांचंही त्यांनी सांगितलं. आपांनी समितीचा अहवाल वाचला आणि पडसादाची खोट सांगून टाकली, काही न झाकता. बाजूने बोलणारे बोलले, विरोधातले बोलले. गॅलरीत जुईला घेऊन बसलेली शाल्मली मात्र एकाच बाकाकडे बघत होती. यशोदाबाय नऊवारीचा पदर खांद्यावर ओढून बसल्या होत्या. बोलल्या नाहीत. फक्त ऐकत होत्या.

पाणसुट्टी जाहीर झाली. फोन बाकांवर राहिले, माणसं व्हरांड्यात आली. शाल्मली कडेला उभी होती. यशोदाबाय सरळ तिच्याकडेच आल्या.

"चेडवाक माझ्याकडे दी."

जुई आजीकडे गेली आणि तिच्या नथीला हात घालू लागली. यशोदाबाय कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात हातात पाण्याचं भांडं घेऊन सामंत त्यांच्या शेजारी आले.

"तुमचा नातू असता इस्पितळात तर, बाय?" सामंतांनी विचारलं. भांडायला नव्हे, खरंच विचारलं.

"मी तां इसारलंय असा वाटता तुमका?" यशोदाबाय म्हणाल्या. "ह्या चेडवाचो बापूस तुमच्याच इस्पितळात जन्माक इलो."

सामंतांनी भांडं कठड्यावर ठेवलं. मग यशोदाबायनी विचारलं, "फाटक आत घेतला तर तुमचा देवसाळ सुकाच रवतला मा?"

"राहील. पण बाय, मग तुमचं गाव..."

"गुळाचो खडो देवा मरे तो," यशोदाबाय म्हणाल्या. त्यांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं, जुईला शाल्मलीच्या हातात दिलं आणि आत गेल्या.

सभापतींनी विचारलं, "पाणी पिऊन कोणाला काही सांगायचंय?"

यशोदाबाय उभ्या राहिल्या. सभागृहात त्या प्रमाण मराठी बोलायच्या, जरा सांभाळून, नवं लुगडं नेसल्यासारखं.

"सभापती महोदय, फाटक आत बांधावं. आम्हाला बाहेर ठेवावं."

सभागृहात कुजबुज उठली आणि विझली.

"बाहेर ठेवा हे तुमच्यापैकी कोणाला बोलता येणार नाही, मला माहीत आहे. यंत्रालाही आलं नाही, आपांनाही आलं नाही. दुसऱ्याचं घर कोण देणार? ज्याचं आहे त्यानेच द्यायला पाहिजे." मग तोल गेला आणि त्या आपल्या बोलीवर आल्या. "घरां वर नेवक येतत. खाडी वर नेवक येना नाय. वर कातळावर जागा आसा. पावसाच्या आधी आमची घरां वर हलवा, नि खाडीचा मुख उघडा ठेवा. पण मी सभासद आसंय, गाव नाय. आधी माझ्या गावाक इचारा. तेंका पाणी पिवन सांगांदे."

कोणीतरी मागच्या बाकावरून "वा, बाय!" म्हटलं. सामंत उभे राहिले. सभागृहाला वाटलं, ते हरकत घेणार. "या दुरुस्तीला माझं अनुमोदन," एवढं म्हणून ते खाली बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

जो ठराव मांडायला हजारो काल्पनिक सभांमध्ये एकही प्रतिरूप उठलं नव्हतं, तो त्या दुपारी एकमताने मंजूर झाला. त्याच बैठकीत आपांचा दुसरा ठराव आला. समितीने तपासावं, बोलवावं, ऐकावं, सल्ला द्यावा. सभेच्या वतीने ठरवू नये. वाटा खरोखर तुटल्या आणि सभा भरणं अशक्य झालं तरच जीव वाचवणारा हुकूम काढावा, आणि वाटा मोकळ्या होताच सभेने बसून तो उचलून धरला नाही तर तो आपोआप विझावा. पडसाद राहील; पण समितीच्या टेबलावर नाही, सगळ्या सभासदांना वापरता येईल असा, वाचनालयात. नियम मंजूर झाल्याचं सभापतींनी जाहीर केलं तेव्हा आपा एखाद्या मुलीसारख्या हसल्या. खांद्यावरचं दप्तर उतरल्यासारख्या.

पुढच्या आठवड्यात मुरवंडीची गावकी बसली. भांडली, उठली, पाणी प्यायली आणि 'हो' म्हणाली. दोन म्हातारे अखेरपर्यंत 'नाही'च म्हणत राहिले. त्यांची घरं सगळ्यांत शेवटी हलवायची ठरली, तोवर त्यांचं मन वळलं तर वळलं.

*

थंडीत पहिल्या घराची कौलं उतरली त्या शनिवारी शाल्मली जुईला घेऊन मुरवंडीला गेली. ओहोटी लागली होती. यशोदाबाय घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून एका खडकावरची कालवं कोयतीच्या टोकाने सोडवत होत्या. शाल्मली चपला काठावर काढून पाण्यात उतरली.

"आई, एक विचारायचंय."

"इचार."

"तुम्ही रत्नागिरीला राहायला याल? आमच्याकडे?"

यशोदाबायनी कोयती खडकावर ठेवली. "नाय गो बाय. खाडी सोडून माझो जीव रमाचो नाय."

शब्दाला शब्द तोच. सुस्काराही तोच. शाल्मलीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं.

"रडतस कित्याक?"

"काही नाही. मला माहीत होतं, तुम्ही हेच म्हणणार."

"म्हायत होता तर इतके दीस इचारूक कित्याक नाय? मी रोज वाट बघी होतंय. म्हटला, सुनेक आपली गरजच नाय." यशोदाबायनी ओले हात पदराला पुसले आणि जुईला घेतलं. तिचे पाय पाण्याला लागतील एवढं तिला खाली वाकवलं. जुईने पाय आखडून घेतले, पाण्याकडे संशयाने बघितलं, मग एक अंगठा हळूच पुन्हा पुढे केला.

"आता माझा एक इचारणा," यशोदाबाय नातीकडेच बघत म्हणाल्या. "वर कातळावर नवा घर बांधूचा आसा. तुझी खोली घालू? तां यंत्र आता वाचनालयात गेला म्हणतस, तर आठवड्याचे चार दीस हयसर बसान काम करूक येयत तुका? तू येवन रवशीत?"

इतके महिने शाल्मली सगळ्यांच्या मनातलं ओळखत बसली होती. तिच्या मनात काय आहे, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही नाही. खरंच, उत्तर तिला ठाऊक नव्हतं.

यशोदाबायनी काठावरच्या कळशीकडे बोट दाखवलं.

"घाय नाय," त्या म्हणाल्या. "आधी पाणी पी. मगे सांग."